सोळा पानांची उडी

समजा हं मुलांनो, तुम्ही एका लहानशा वाचनालयात उभे आहात. समोर लाकडी टेबल, भिंतीला पुस्तकांची कपाटं आणि बसायला सहा खुर्च्या, त्यातल्या दोन डुगडुगणाऱ्या. तुम्ही हातातलं पुस्तक परत करायला आला आहात. पण इथला नियम मोठा खट्याळ आहे. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर एक लांब कागदी पट्टी चिकटवलेली असते. तिच्यावर दोन ओळी अभिप्राय लिहायचा, तेव्हाच पुढचं पुस्तक मिळतं. त्यातून लहान सुटत नाहीत आणि थोरही सुटत नाहीत.

आता खिडकीजवळ बघा. स्टुलावर एक म्हातारा गृहस्थ बसला आहे आणि हातातल्या पुस्तकाची पट्टी वाचतो आहे. तो वाचक नव्हे. तो पुस्तकं बांधणारा. फाटलेली, सुटलेली पुस्तकं त्याच्याकडे जातात आणि नवा पुठ्ठा घालून परत येतात. बोटांना कायम खळ लागलेली, म्हणून सगळे त्याला खळकाका म्हणत.

त्या दिवशी खळकाका दमलेले होते. तसे ते रोजच दमलेले असत. गुडघे कुरकुरत, डोळे दुपारीच हात टेकत. पण आजचं दमणं निराळं होतं. सकाळी दुकान झाडताना शिकंज्याखाली, म्हणजे पुस्तकं दाबून ठेवायच्या यंत्राखाली, त्यांना एक फर्मा सापडला होता. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. असे फर्मे एकावर एक रचून शिवले की पुस्तक होतं. काकांनी धूळ झटकली, पहिली ओळ वाचली, ‘मॅनेजर साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा राहिला,’ आणि हा कुठल्या कादंबरीचा ते त्यांनी लगेच ओळखलं.

ती कादंबरी कोर्टाची होती. गोदामाला आग लागते, तिथला मॅनेजर आळ घेतो गरीब पहारेकऱ्यावर आणि त्याला सोडवायला तरुण वकीलबाईच्या हातात उरतात चार दिवस. सगळं गाव त्या कादंबरीवर तुटून पडलं होतं. हातोहात फिरून पुस्तकाची पानं सुटली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी ते काकांच्या हातात कोंबलं होतं. “काका, चाळीस जण थांबलेत. उद्या हवं म्हणजे हवंच.”

काकांनी एका दिवसात बांधून दिलं. शिवण्याआधी फर्मे मोजायचे, ही त्यांची उभ्या जन्माची शिस्त. त्या दिवशी मोजले नाहीत. अंगात कणकण होती. शिवाय कडा सारख्या करताना पातं थोडं आत गेलं आणि पानांचे खालचे आकडेही कापले गेले. म्हणजे सोळा पानं गेली, आणि गेली हे सांगणारे आकडेही गेले.

म्हणून आज ते फर्मा पिशवीत घालून आले होते. बोलण्याआधी लोकांनी काय लिहिलंय ते बघावं, एवढाच विचार. बांधणीनंतर चिकटवलेल्या नव्या पट्टीवर ओळीने एकवीस मोठ्यांचे अभिप्राय होते.

‘काय वेग! भाजी करपली, पण पुस्तक सोडलं नाही.’

‘एका बैठकीत संपवली. वकीलबाईंना सलाम.’

‘मॅनेजरला कोर्टात बोलावतात आणि पुढच्याच पानावर थेट निकाल! उलटतपासणी दाखवलीच नाही. अशी उडी मारायला लेखकाच्या अंगात दम लागतो.’

‘एकही पान जास्तीचं नाही.’ याच्याखाली टपालमास्तरांची झोकदार सही होती.

काकांना हसू आलं. खरंच, केवढी उडी! आपण न मोजल्याने लेखकाचं नाव झालं. मग हसू मावळलं आणि त्याच्या जागी एक विचार हळूच येऊन बसला. कुणाला पत्ता नाही. कुणाचं बिघडलेलं नाही. हा फर्मा दुकानातल्या शेगडीत गेला तर काय होईल? काहीच नाही. आणि सांगितलं तर? मागच्या महिन्यात एका नकाशापुस्तकाची पाठ निघाली, तेव्हा ग्रंथपालबाईंनी मान खाली घालून सांगितलं होतं, “काका, आता पुन्हा असं झालं तर समिती काम मशीनवाल्याकडे देईल. माझं कुणी ऐकणार नाही.” वाचनालयाचं काम गेलं, तर दुकानात उरणार काय? चार वह्या आणि एक म्हातारा.

त्यांनी पुस्तक मिटायला घेतलं आणि अगदी खालची, बाविसावी नोंद दिसली. अक्षर गोल, ओळ जरा वर चढलेली.

‘पहारेकरी सुटला ते बरं झालं. पण मॅनेजर खोटं बोलत होता ना? मग तो खरं कधी बोलला? मी तीनदा वाचलं. सापडलं नाही. मीच नीट वाचत नसेन.’

तिच्याखाली दुसऱ्या शाईत कुणीतरी शेरा मारला होता, ‘आधी चित्रांची पुस्तकं वाच, मग ही.’

काकांनी मुलाच्या हातच्या वाटणाऱ्या त्या नोंदीवर बोट ठेवलं.

“बाई, ही नोंद कुणाची?”

ग्रंथपालबाई शिक्के मारत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. “मुंगीची. शिवणकामवाल्या ताईंची मुलगी, चौथीतली. काय सांगू काका, सगळ्यांना वेग हवा आणि हिला प्रत्येक ओळीचं का आणि कसं हवं.”

तेवढ्यात त्या मायलेकी दारात हजर. ताईंच्या खांद्यावर कापडाचं गाठोडं, डोळ्यांखाली काळं. मागे मुंगी. नजर पायांच्या बोटांवर खिळलेली.

“बाई, हिचं कार्ड परत घ्या,” ताई म्हणाल्या. “हट्टाने मोठ्यांचं पुस्तक नेलं आणि आता म्हणते, मला वाचताच येत नाही. दोन दिवस शाळेचं पुस्तकसुद्धा उघडलेलं नाही. मी मशीनवर बसू की हिची समजूत काढत बसू?”

“अगं, एका पुस्तकाने काय होतंय?” ग्रंथपालबाई म्हणाल्या.

“सगळ्यांना समजलं,” मुंगी पुटपुटली. “मलाच नाही.”

डुगडुगत्या खुर्चीतून टपालमास्तरांनी वर्तमानपत्र खाली केलं. “त्यात रडण्यासारखं काय आहे? कोर्टाच्या गोष्टी अवघड असतात. डोकं पिकावं लागतं. माझ्यासारखं.”

“ते बाहेरून पिकलंय, मास्तर,” ग्रंथपालबाई म्हणाल्या. “तिच्या नोंदीखालचा शेरा तुमच्याच शाईतला दिसतोय.”

मास्तर पुन्हा वर्तमानपत्राआड गेले.

ताईंनी कार्ड टेबलावर ठेवलं. ग्रंथपालबाईंनी सुस्कारा सोडून खण उघडला. तेवढ्या वेळात काकांच्या मनात किती गोष्टी येऊन गेल्या. दुकान, रिकामा शिकंजा, मशीनवाल्याचं चकचकीत काम. गप्प बसणं किती सोपं होतं! नुसतं बसून राहायचं, आणि बसायला तर ते कधीचे आसुसले होते. पण ही चिमुरडी त्यांच्या चुकीचं ओझं घेऊन घरी चालली होती आणि ते तिला आपलंच वाटत होतं.

काका गुडघ्यावर हात रोवून उठले.

“थांबा बाई. कार्ड खणात टाकू नका.” त्यांनी पिशवीतून फर्मा काढून टेबलावर ठेवला. “हिने नीट वाचलंय. मीच नीट बांधलं नाही. सोळा पानं माझ्या दुकानात राहिली होती. मॅनेजरची उलटतपासणी सगळी यात आहे. आकडेही मीच कापले, नाहीतर कुणाच्या तरी लक्षात आलं असतं.”

ग्रंथपालबाईंनी फर्मा उचलला. खालचे आकडे पाहिले, एकशे एकसष्ट ते एकशे शहात्तर. मग पुस्तक उघडून ती जागा शोधली. डावीकडे ‘मॅनेजरला हाक मारण्यात आली.’ उजवीकडे ‘न्यायाधीशांनी चष्मा काढून निकालपत्र हातात घेतलं.’ त्यांनी दोन्ही ओळी मोठ्याने वाचल्या आणि कपाळाला हात लावला.

“अहो, बांधून आल्यावर मीही वाचलं हे पुस्तक! दोनदा! आणि मला वाटलं, काय कसब आहे!”

“एकही पान जास्तीचं नाही,” ताई पट्टी वाचत म्हणाल्या. थकलेल्या चेहऱ्यावर जरासं हसू आलं. “बरोबर आहे की मास्तर. कमीच आहेत.”

मास्तर खाकरले. “मला तेव्हाच शंका आली होती.”

“मग लिहिलीत का नाही?” मुंगी म्हणाली. तिने पहिल्यांदाच मान वर केली होती.

मास्तर वर्तमानपत्राची घडी घालू लागले.

ग्रंथपालबाई काकांकडे वळल्या. आवाज खाली आला. “काका, समितीला मला सांगावं लागेल. तुम्हाला माहीत आहे.”

“सांगा. लपवायचं असतं तर आलो नसतो.” काका पुन्हा स्टुलावर टेकले. “पुस्तक मात्र मला एकदा परत द्या. शेवटचं काम असलं तरी पुरं बांधून देईन. या वेळी मोजून.”

बाईंनी कार्ड मुंगीपुढे सरकवलं.

मग काकांनी मुंगीला जवळ बोलावलं. “पोरी, एकवीस मोठी माणसं त्या खड्ड्यावरून धावत गेली. तू एकटी काठावर थांबलीस आणि विचारलंस, मधली जमीन कुठे गेली? याला वाचणं म्हणतात. घे, आधी तू वाच. शिवण मी नंतर घालीन.”

“इकडे दे गं जरा,” मास्तर हात पुढे करत म्हणाले. “मी भरभर नजर फिरवतो आणि सांगतो सगळ्यांना, मॅनेजर कसा सापडला ते.”

मुंगीने फर्मा छातीशी धरला. आईकडे पाहिलं. आईने गाठोडं खाली ठेवलं आणि ती भिंतीला पाठ टेकून बसली. मग मुंगीने टेबलाशेजारी जमिनीवर मांडी घातली, पहिलं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला लागली. एकेक शब्द नीट, सावकाश. दुसऱ्याच ओळीला मास्तर म्हणाले, “हं, हं, पुढे चल लवकर.”

मुंगी थांबली. तिने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.