बर्फाच्या पेटीला तोटी

मिस्त्रींनी दारू सोडली त्याला आठ वर्षं होत आली होती, आणि आता घरच्या गॅलरीत बसून ते बिअरची तोटी बनवत होते. बायकोला ते पाहवतही नव्हतं आणि तिथून हलवतही नव्हतं.

धाकट्या भावाची पन्नाशी होती. रविवारी दुपारी, त्याच्या अंगणात, चाळीस माणसं. "दादा, नळाचा एवढा कारागीर घरात असताना मी भाड्याचं मशीन कशाला आणू?" असं तो फोनवर म्हणाला आणि मिस्त्रींनी लगेच होकार देऊन टाकला. बायकोने मग दिराला एकटं गाठलं.

"भाऊजी, यांना सांगायला दुसरं काही काम नव्हतं?"

"वहिनी, आठ वर्षं झाली. किती दिवस त्याला काचेच्या कपाटात ठेवणार?"



रोज कामावरून आले की मिस्त्री पेटीला भिडत. सहलीला नेतात तसली बर्फाची जाड पेटी. तिच्या आत त्यांनी स्टीलची बारीक नळी वेटोळी करून बसवली, पुढून भोक पाडून तोटी लावली, खाली जुन्या बॅगेची चाकं. पिंपातली बिअर गॅसच्या दाबाने नळीत शिरणार, बर्फातून फिरत गार होणार आणि तोटीतून बाहेर पडणार. प्रत्येक सांध्याला ते साबणाचं पाणी लावत. बुडबुडा दिसला की पुन्हा आवळत. काम करताना गुणगुणतही होते. पूर्वी प्यायला निघताना ते असेच खुशीत असायचे.

"पाण्यावर चालवून बघितलं. झकास चालतंय," शनिवारी ते म्हणाले.

"आणि बिअरवर?"

"ते उद्या, तिकडेच. घरात आणायची नाही असं ठरलंय ना."

रविवारी पहिल्या ग्लासात नुसता फेस आला. दुसऱ्यातही तेच.

"दादा, हे तर दाढीचं सामान बनवलंस," धाकटा म्हणाला, आणि अंगणभर हशा पिकला. मिस्त्रींच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी एक सांधा सैल करून पाहिला, तशी बिअरची चिळकांडी उडून त्यांचं तोंड, शर्ट, हात सगळं भिजलं. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला बायको प्लेटा मांडत होती. तिने ते पाहिलं.

त्यांनी सांधा आवळला, पेटीत डोकावलं आणि चूक त्यांच्या ध्यानात आली. बर्फाचे खडे नळीला नीट टेकतच नव्हते, म्हणून बिअर गार न होता फेसाळत होती. त्यांनी बर्फावर चार तांबे गार पाणी ओतलं आणि थोडा वेळ थांबले. पुढचा ग्लास स्वच्छ, सोनेरी भरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"हात धुऊन येतो," ते म्हणाले आणि घरामागे गेले.

पाच मिनिटं झाली. दहा झाली. तिने टेबलावरचे ग्लास मोजले, पण मुळात किती होते तेच तिला माहीत नव्हतं. मग हातातल्या प्लेटा तशाच ठेवून ती मागे गेली.

मिस्त्री नुसत्या बनियनवर, नळापाशी पालथ्या बादलीवर बसले होते. भिजलेला शर्ट पायाशी पडला होता.

"घेतलीत?"

"ओठावर उडाली होती. पुसता आली असती," ते म्हणाले. "मी जीभ फिरवली."

ती बाजूच्या पायरीवर बसली. पिण्याच्या दिवसांत पकडले गेले तरी ते कबूल करत नसत. आज विचारल्याबरोबर सांगितलं, म्हणून बरं वाटावं की रडावं, हे तिला कळेना.

"आणि आता?"

"आता अजून हवीशी वाटतेय. तिकडे गेलो तर माझ्याच हाताने भरून घेईन."

"मग घरी चला."

"त्याला काय सांगायचं? त्याचा वाढदिवस आहे."

"मी सांगते."

तिने दिराला बाजूला घेऊन आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. त्याचं हसू मावळलं. "बंद करताना आधी गॅस, मग तोटी," तेवढंही तिने सांगून टाकलं. आठवडाभर तेच पाहत होती ती. धाकटा स्वतःचा कोरडा शर्ट घेऊन मागे आला.

"दादा, चुकलं माझं."

"तुझं नाही रे. मला काही होत नाही, हे मलाच चारचौघांत दाखवायचं होतं." मिस्त्रींनी शर्ट चढवला.

दोघं मागच्या फाटकातून निघाले. बसथांब्यावर मिस्त्रींनी एका माणसाला फोन लावला. दारू सोडताना पहिलं वर्ष ज्याच्याशी ते रोज बोलत, तो. "आज जीभ घसरली," एवढंच बोलून ते बराच वेळ ऐकत राहिले. बस आली आणि गेली. तिने त्यांना उठवलं नाही.

पेटी धाकट्याकडेच राहिली. पुढे महिनाभर मिस्त्री संध्याकाळी दारात आले की ती अगदी जवळ जाऊन त्यांच्या शर्टाचा वास घेई. तिला त्याची लाज वाटे, तरी ती घेई. ते हत्यारांची पिशवी खाली ठेवत आणि तिचं होईपर्यंत मुकाट उभे राहत.