कोणाची हरकत असल्यास

१९९६. नेरूळ. शाळेचा हॉल, ख्रिस्ती मंडळीने रविवारच्या सकाळपुरता भाड्याने घेतलेला. बाकं लहान मुलांची, त्यामुळे मोठ्यांचे गुडघे वर.

पहिला रविवार

पाळकसाहेबांनी कागद उघडला. लग्न ठरलं की मंडळीत तीन रविवार पुकारा करायचा, हा नियम.

"प्रसाद शिरसाठ, आपल्या वेणूबाईंचा मुलगा, आणि श्रीरामपूरची एस्तेर. या विवाहाला कोणाची हरकत असल्यास सांगावं."

कोणी बोललं नाही. वेणूबाईंनी मात्र मागे वळून तिसऱ्या बाकाकडे पाहिलं. तिथे सगुणा बसली होती.

चार वर्षांपूर्वी

याच हॉलमध्ये सगुणाच्या मुलीचा, गीतांजलीचा, दुसरा पुकारा झाला आणि वेणूबाई उठल्या. "मुलीला फिट येते. मी डोळ्यांनी पाहिलंय."

पाहिलं होतं, हे खरं. तेव्हा गीतांजली सात वर्षांची होती आणि ताप एकशे चार. फिट आली ती तेवढी एकदाच. पण हे सांगून होईपर्यंत वराचे मामा बाहेर रिक्षा थांबवत होते. तिसरा पुकारा झालाच नाही.

गीतांजली आता एकोणतीस वर्षांची. बेलापूरला टायपिस्ट. घरात लग्नाचा विषय निघत नाही.

सोमवार ते शनिवार

सगुणा नर्स. दोन वर्षांपूर्वी प्रसादला टीबी झाला तेव्हा साठ दिवस, रोज सकाळी, त्याला इंजेक्शन तिनेच दिलं. तो बरा झाला, तेही तिनेच पाहिलं.

आता भाजी निवडताना ती एक वाक्य तयार करत होती.

मुलाला टीबी आहे.

खोटं. खोडलं.

मुलाला टीबी झाला होता, मी डोळ्यांनी पाहिलंय.

खरं. ठेवलं.

दुसरा रविवार

पुकारा. सगुणाने बाकाची कड धरली.

शेजारच्या जाईबाई कुजबुजल्या, "काय गं, बोलायचंय का? बोल आत्ताच. नाहीतर लग्नाच्या जेवणात बोलशील, आमचा केक राहायचा."

"गप बसा हो."

ती उठली नाही. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

तिसरा रविवार

पुकारा झाला. हरकत नाही. उपासना संपली, चहा आला, आणि एस्तेरचे वडील दावीदराव कप घेऊन सरळ सगुणापुढे येऊन उभे राहिले.

"बाई, पोरानं आम्हाला आजाराचं सांगितलंय. लपवलं नाही. म्हणाला, सगुणाकाकूंना विचारा, इंजेक्शनं त्यांनी दिलीत. आता तुम्ही सांगा. पोरगी द्यावी का?"

चार पावलांवर वेणूबाई. हातातली बशी तिरपी, चहा साडीवर सांडतोय, लक्ष नाही.

तयार वाक्याची गरजच नव्हती. नुसते खांदे उडवले असते, तरी पुरलं असतं.

"एक दिवस चुकवला नाही त्याने," सगुणा म्हणाली. "गोळ्याही पूर्ण घेतल्या. एक्सरे मी पाहिलाय, स्वच्छ आहे. एस्तेरच्या जागी माझी मुलगी असती तर मी दिली असती."

"देवाची स्तुती," दावीदराव म्हणाले आणि बिस्किट घेतलं.

दुपार

गीतांजली चर्चला जात नसे. तिने गॅस बंद केला.

"जाईबाईंचा फोन आला होता. मोठ्या मनाची आहेस हां, आई."

"मग काय करायला हवं होतं मी?"

"केलंस तेच. पण त्या म्हणाल्या, सगुणाने वेणूबाईला माफ केलं." ती थांबली. "तुझं काय मोडलं होतं?"

सगुणा पानावर बसली. जेवली नाही.

संध्याकाळ

दारात वेणूबाई. "सगुणा आहे का? तिचे उपकार..."

"आई आत आहे," गीतांजली म्हणाली. "तुम्ही माझ्याशी बोला."

"तू लहान होतीस, तुला..."

"पंचवीस वर्षांची होते."

वेणूबाईंनी कठड्याला हात टेकला. "ताप होता, हे मला माहीत होतं. कपाळावर पट्ट्या मीच ठेवल्या होत्या."

सगुणाला हे माहीत होतं. गीतांजलीला तिने कधी सांगितलं नव्हतं.

"मग का?"

"स्थळ चांगलं होतं तुझं," वेणूबाई म्हणाल्या. "एवढंच. चुकलं माझं. मला क्षमा कर."

गीतांजलीने दार पूर्ण उघडलं नाही, लावलंही नाही.

"आज जमणार नाही मला. पुन्हा या, पुन्हा विचारा."

"किती वेळा?"

"ते मलाही माहीत नाही."

वेणूबाईंनी मान हलवली. "येते," म्हणाल्या, आणि जिना उतरू लागल्या.