दोन्ही उत्तरं बरोबर

मेहमुदा मॅडम त्या ज्युनिअर कॉलेजात एकोणीस वर्षं तासिका तत्त्वावर इंग्रजी शिकवत होत्या. सकाळी कॉलेज, दुपारी राजारामपुरीतला क्लास, आणि मधल्या वेळात पेपरांचे गठ्ठे. अकरावीच्या फेरपरीक्षेचे एक्केचाळीस पेपर त्यांनी असेच दोन दिवसांत तपासून हातावेगळे केले होते. विभागप्रमुख विश्वजित सरांनी दिलेली उत्तरसूची शेजारी ठेवायची, तिच्याशी जुळलं की बरोबर, नाही जुळलं की फुली. डोकं चालवायचं त्राण उरलं नव्हतं.

पेपर दाखवायच्या दिवशी शाहूवाडीची स्वप्नाली आपला पेपर घेऊन टेबलाशी आली.

"मॅडम, ह्ये चुकलंय का?"

प्रश्न साधा होता. ‘द टीचर गेव्ह द गर्ल अ प्राइझ’ याचा प्रयोग बदला. स्वप्नालीनं लिहिलं होतं, ‘द गर्ल वॉज गिव्हन अ प्राइझ बाय द टीचर’. त्यावर मॅडमच्याच हातची लाल फुली.

"तुम्हीच शिकिवलंय की," स्वप्नाली म्हणाली. "दोन कर्मं हाईत, मुलगी आणि बक्षीस. कुठलंबी पुढं आणलं तरी चालतंय म्हणून."

मॅडमनी उत्तरसूची काढली. तिच्यात एकच उत्तर होतं, बक्षिसापासून सुरू होणारं. दुसरं सरांनी लिहिलंच नव्हतं, आणि मॅडमनी एक्केचाळीस वेळा त्या ओळीवरून नजर फिरवूनही त्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं.

"तुझं बरोबर आहे. माझं चुकलं," त्या म्हणाल्या. "एक मार्क वाढवते."

"मला बावन्न हाईत, मॅडम. मार्क ऱ्हाऊ दे. कुठलं बरोबर, तेवढंच पायजे होतं."

ती गेली. मॅडम मात्र बसून राहिल्या. मुलीला बावन्न होते म्हणून बरं. बाकीच्यांचं काय? खरं तर उठून क्लासला जायची वेळ झाली होती. त्यांनी क्लासला फोन करून येत नाही म्हणून सांगितलं आणि गठ्ठा परत सोडला.

स्वप्नालीसारखं उत्तर आणखी तिघींनी लिहिलं होतं. दोघी पास होत्या. तिसरी हुपरीची तेजस्वी. तिला चौतीस. पस्तीसला पास, आणि फेरपरीक्षेत ग्रेसचा मार्क द्यायची पद्धत त्या कॉलेजात नव्हती.

मॅडम विश्वजित सरांकडे गेल्या. सर वयानं पंधरा वर्षांनी लहान, एके काळी त्यांच्याच वर्गात बसलेले.

"मॅडम, निकाल लागलाय. आता एका मार्कासाठी सगळं उघडायचं?"

"मार्क तिचाच आहे, सर. आपण खाल्लाय."

"उत्तरसूची मी काढली होती," सर म्हणाले. "अर्ज लिहा, मी सही करतो. पण त्या पोरीनं परवाच कॉलेज सोडल्याचा दाखला नेलाय. ती येईल असं वाटत न्हाय मला."

दुसऱ्या दिवशी मॅडमनी हुपरीची एसटी धरली. उभ्यानंच गेल्या. पत्ता विचारत विचारत तेजस्वीच्या वडिलांच्या, पिराजींच्या दारात पोचल्या तेव्हा पाय सुजले होते. पुढच्या खोलीत पिराजी आणि तेजस्वी पैंजणाच्या कड्या जोडत बसले होते. मॅडमना बघून पोरगी उठली नाही. पिराजीच लगबगीनं उठले.

"या, या मॅडम. बसा की."

मॅडमनी पाणीसुद्धा न पिता सगळं सांगितलं. उत्तर बरोबर होतं, फुली चुकीची होती, ती पास आहे.

तेजस्वीनं हातातली कडी खाली ठेवली. "मी घरात सांगितलं हुतं, पेपर बरोबर लिवलाय म्हणून. आप्पा म्हणालं, मॅडम चुकतील का?"

पिराजींनी मान खाली घातली.

"तपासताना का न्हाई बघितलंसा?" तिनं विचारलं.

मॅडमकडे सांगण्यासारखी कारणं होती. उत्तरसूची त्यांची नव्हती, पेपर फार होते, मुदत दोनच दिवसांची. त्यातलं एकही त्यांनी सांगितलं नाही.

"दमले होते गं," त्या म्हणाल्या.

तेजस्वीनं कडी परत उचलली. आतून तिच्या आईनं चहा आणला. तो सगळ्यांनी घेतला. निघताना पिराजी स्टँडपर्यंत आले. दाखला परत जमा करतो, सोमवारी घेऊन येतो, म्हणाले. "तिचा राग मनावर घेऊ नगासा."

"राग तिनं करायलाच पाहिजे," मॅडम म्हणाल्या.

सोमवारी बाप-लेक आले. विश्वजित सरांनी सही केली, कारकुनानं निकालात पस्तीस लिहिले. बारावीच्या वर्गात तेजस्वी मागच्या बाकावर जाऊन बसली. मॅडम हजेरी घेत तिच्या नावापर्यंत आल्या. ती वहीतून मान वर न काढता ‘हजर’ म्हणाली. मॅडमनी हजेरीपटावर खूण केली आणि पुढचं नाव घेतलं.