चांगुणाबाईचे ठोके

मी एक जुना रूळ आहे. आख्खा नव्हे, हातभर तुकडा. आणि मित्रांनो, मी रागावलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. गोड गोड ऐकायचं असेल तर दुसऱ्या कुणाकडे जा.

माझा जन्म भट्टीत झाला. पुढे कैक वर्षं मी पूर्णा आणि चुडावा या स्टेशनांच्या मधे आगगाड्यांचं ओझं वाहिलं. झिजलो, तसं मला कापून बाजूला टाकलं. गँगमन सूर्यभाननं साहेबांची परवानगी घेतली आणि मला खांद्यावरून आमच्या वस्तीतल्या ख्रिस्ती देवळात आणलं. टोकाला भोक होतंच. त्यात तार ओवून मला लिंबाला टांगलं. घंटा घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून मीच घंटा!

मला वाजवायची सूर्यभानची बायको, चांगुणाबाई. हातात एक जाडजूड बोल्ट. रविवारी उपासनेला सात ठोके, नाताळच्या पहाटे मनाला येईल तितके. आणि कुणी वारलं, तर ते माणूस जितकी वर्षं जगलं तितके. हा आमच्या वस्तीचा रिवाज. निंदायला गेलेल्या बाया खुरपं थांबवून मोजायच्या. सत्तरच्या पुढं गेले की म्हणायच्या, "म्हातारं माणूस गेलं गं." तीन-चारवर हात थांबला, तर कुणी काहीच बोलायचं नाही. लेकरू गेलं, हे सगळ्यांना कळायचं. चांगुणाबाईला लिहिता येत नव्हतं. ती पदराच्या ओच्यात मोजून ज्वारीचे दाणे घ्यायची आणि ठोक्याला एक टाकायची. एकदाही चुकली नाही.

बहात्तरच्या दुष्काळात सुकडी वाटायची वेळ झाली की मीच वाजायचो. ख्रिस्ती, बौद्ध, हिंदू, सगळ्यांची पोरं ताटल्या घेऊन धावत यायची. तेव्हा काय कौतुक माझं!

मग शहात्तर साली देवळाच्या पंचांचे प्रमुख बन्सीधर मास्तर म्हणाले, "बाहेरगावचे पाहुणे येतात. रूळ बडवणं शोभत नाही." झालं! पितळी घंटा आली. मला देवळाच्या फाटकापाशी गटारीच्या कडेला रोवलं, चपलांचा चिखल खरवडायला. घंटेची दोरी मास्तरांच्या हाती गेली. इतकी वर्षं राबलेल्या बाईला कुणी 'बाई, तुम्ही काय म्हणता?' असं विचारलंसुद्धा नाही. ती मुकाट्यानं बाजूला झाली. मी चिखल झेलत राहिलो, पण आतून नुसता धुमसत होतो.

दोन वर्षांनी चांगुणाबाई वारली. सूर्यभान आधीच गेला होता. मूलबाळ जगलं नव्हतं. शेजारीण सरजाबाई तेवढी दुपारी फाटकाशी आली. सरजाबाई बौद्ध, पण दुष्काळी कामावर दोघींनी एका टोपल्यानं खडी वाहिली होती.

"मास्तर, ठोके द्या की. लोक वाट बघायलेत."

मास्तरांनी बाप्तिस्म्याचं रजिस्टर उघडलं. जुन्या पाद्रीसाहेबांनी लिहिलेलं होतं, 'सूर्यभान, वय तीस, व पत्नी.' बस्स. नाव नाही, वय नाही. सगळ्यांची वर्षं मोजणाऱ्या बाईची वर्षं कुणी मोजलीच नव्हती!

"वयाची नोंद नाही, सरजाबाई. पंचांनी तीन ठोके ठरवलेत. पिता, पुत्र आणि पवित्र आत्म्याच्या नावानं."

तीन! मित्रांनो, आमच्या वस्तीत तीन म्हणजे काय, ते तुम्हाला आता ठाऊक आहे.

सरजाबाई भडकली. "तीन? ती काय पाळण्यात मेली व्हय? अवो, लगीन झालं तवा ती चवदाची होती. रझाकारांच्या वक्ताला लग्नाला बारा वर्सं झाली होती. तिनं सोता सांगितलंय मला. त्याला आता तीस वर्सं झाली. मास्तर ना तुमी? जोडा की!"

"असे अंदाजानं ठोके देत नसतात."

"तुमाला ठावं न्हाई म्हणून ती जगलीच न्हाई व्हय?"

सरजाबाई खाली बसली, दोन्ही हातांनी हिसडे देऊन तिनं मला चिखलातून उपटलं. दोरी ओवली, लिंबाला टांगलं आणि दगड उचलला.

ठण्ण! ती मोठ्यानं मोजत होती. चौथ्या ठोक्याला मास्तर पुढं आले. तिनं तोच दगड त्यांच्याकडे उगारला, तसे ते मागं सरले. मी घसा फोडून वाजलो. कित्येक दिवसांचा राग होता, सगळा काढला. शेतातल्या बाया उभ्या राहिल्या. वीस. चाळीस. सरजाबाईच्या हाताला रक्त आलं, तरी ती थांबली नाही. छप्पन्नला थांबली.

"आता लिवा," ती म्हणाली. "चांगुणा. वय छप्पन्न."

मास्तरांनी खाली मान घालून लिहिलं. मेल्यावर लिहिलं, मित्रांनो! तिचं घर देवळापासून वीस पावलांवर होतं. जिवंतपणी जाऊन विचारायला काय पायात काटे रुतत होते?

मला तेल लावू नका, रंग देऊ नका, माझी कीव करू नका. आज घरी जा आणि जी बाई तुम्हाला रोज भाकरी वाढते तिला विचारा, तुझं वय काय गं? तिला सांगता आलं नाही, तर तिच्यापाशी बसा आणि दोघं मिळून जोडा.