शिजलेल्या बोकडाचा कान

साक्षीच्या कठड्यात उभं राहून नाचिसाले आजीने तिसऱ्यांदा तेच सांगितलं, आणि कोर्टाच्या दुभाष्याने, कालियातीने, तिसऱ्यांदा तेच बिघडवलं.

“साहेब, शेजारच्या बिसालोमूकडे बोकड शिजत होता, तो आजींनी ऐकला.”

मॅजिस्ट्रेटसाहेब उत्तरेकडून बदलून आलेले. इथली चिचेवा भाषा त्यांना येत नव्हती, आणि नोंद तर इंग्रजीतच करायची. त्यांनी कपाळ चोळलं. “कुणाकडून ऐकला? ऐकीव पुरावा चालत नाही. पुढे?”

आजीचं डोकं तडकलं. चिचेवात ‘कुम्वा’ म्हणजे ऐकणं. वास येणं, चव लागणं, दुखणं, कळणं, सगळं तेच. हे कालियातीला ठाऊक नव्हतं असं नाही, तोही इथलाच. पण अंगात काळा कोट चढला की त्याच्यापाशी एका शब्दाला एकच अर्थ उरायचा.

नवऱ्याच्या थडग्यावर दगड बसवून गावाला जेवू घालायचं, म्हणून तिने वाढवलेला बोकड चोरीला गेला होता. बिसालोमू दोषी ठरला तर बोकडाला बोकड मिळणार. नाहीतर गावाला घेवडा, आणि नणंदांना जन्मभर पुरेल एवढा विषय.

“बाबा रे,” ती कालियातीला म्हणाली, “साहेबांना विचार, कोर्टामागच्या चुलीवरचं त्यांना ‘कुम्वा’ होतंय का?”

“साहेब, मागच्या चुलीवरचं काही ऐकू येतंय का, असं विचारतायत.”

साहेबांनी कान टवकारले. “नाही.”

बाकांवर हशा पिकला.

“कानाने नाही, नाकाने!” आजी ओरडली आणि स्वतःचं नाक धरून दाखवलं.

साहेबांनी हुंगलं आणि ताडकन उठले. “अरे, माझी मक्याची न्सिमा करपली!” शिपाई मागे धावला. साहेब बसले, ‘ऐकला’ खोडून ‘वास आला’ लिहिलं, आणि कालियातीकडे असं बघितलं की तो कोटाची बटणं तपासू लागला.

“बोकडाची खूण काय?”

“डाव्या कानाला चीर. मीच पाडलेली.”

बिसालोमू आरोपीच्या जागेवरून गोड हसला. “आजी, मेव्हण्याने मटण पाठवलं होतं. तुला आलेल्या वासात चीर होती का गं?”

पुन्हा हशा. साहेब मात्र हसले नाहीत. “आजी, शपथेवर सांगा. तो तुमचाच बोकड होता?”

एक ‘हो’ पुरला असता. आता नाकाची साक्ष साहेबांना पटली होती; अख्खं गाव माना डोलवायला तयार होतं. आजीने तोंड उघडलं आणि मिटलं. बोकड आहे हे तिला नाकाने सांगितलं होतं. कुणाचा, हे रागाने.

“बोकडाचा वास होता,” ती चिडून म्हणाली. “माझ्याच बोकडाचा, ते नाक कसं सांगणार?”

हे मात्र कालियातीने अक्षर न अक्षर बरोबर सांगितलं. मेल्याला नेमकं आत्ताच जमलं.

बिसालोमू सुटला. बाहेर आंब्याखाली तो अदबीने गुडघ्यात वाकून म्हणाला, “आजी, मनात काही ठेवू नकोस.”

“छे रे. दगड बसवायच्या दिवशी नक्की ये,” आजी कमरेला गुंडाळलेल्या चितेंजेची गाठ आवळत म्हणाली. “सगळ्यांना घेवडा आहे. बोकडाचं तू आधीच जेवलास.”