पायाळू

मी पायाळू आहे. म्हणजे जन्मताना डोक्याऐवजी माझे पाय आधी बाहेर आले. त्यात माझं कर्तृत्व काही नाही. पण अशा माणसाचा पाय लागला की पाठीत भरलेली उसण उतरते, अशी आमच्या लोकांत समजूत आहे. चिक्कपेटेत आमचं साड्यांचं दुकान आणि वर घर. आमच्या पिढ्या बेंगळुरात गेल्या, मराठीत अर्धी कन्नड मिसळली, पण ही समजूत मात्र जशीच्या तशी राहिली. रविवारी सकाळी कुणी ना कुणी कंबर धरून जिना चढायचं आणि आई मला हाक मारायची, "अनू, ये गं, स्वल्प पाय लावून जा."

माणूस पालथा पडायचा. मी उजवा पाय त्याच्या कमरेला तीनदा लावायचे आणि परत खेळायला पळायचे. बाराव्या वर्षी वर्गातल्या मैत्रिणी घरी आल्या असताना एक जाडजूड व्यापारी असाच आडवा झाला. मैत्रिणी हसून हसून लोळल्या. त्या दिवशी मी आईला सांगितलं, जेवण बंद केलंस तरी पुन्हा कुणाच्या पाठीला पाय लावणार नाही. मी रागीट आहे आणि हट्टीही, हे आईला ठाऊक होतं. पुढे मी फिजिओथेरपी शिकले तेव्हा गल्ली म्हणाली, पोरीनं शेवटी पाठीचाच धंदा धरला. म्हणू देत. मी हाताने काम करत होते, आणि ते शिकून करत होते.

नव्वदच्या दशकात यशवंतपूरच्या मार्केट यार्डाजवळ एका नर्सिंग होममध्ये मला नोकरी लागली. तिथे पाठींना तोटा नव्हता. कांद्याची पोती वाहणारे हमाल, लॉरीचे ड्रायव्हर, कारखान्यातले फिटर. कंबर धरली की माणूस आधी हाडांच्या डॉक्टरांकडे जायचा, एक्स-रे काढायचा, गोळ्या घ्यायचा आणि तीन आठवडे अंथरुणावर पडायचा. हमाल तीन आठवडे पडला की घरची चूल विझते, पण तो विषय डॉक्टरांच्या पुस्तकात नव्हता. पडून पडून पाठीचं लाकूड झालं की मग तो माझ्याकडे यायचा. हातात चिठ्ठी: 'शेक द्या.' मी यंत्राचं बटण दाबायचे. एवढ्यासाठी मी शिकले होते का, असं रोज वाटायचं.

हाडांचे डॉक्टर होते पुरुषोत्तम. आपल्यातलेच, मल्लेश्वरमच्या जुन्या मराठी घरातले. एक दिवस ते कुठल्याशा परिषदेहून आले आणि थेट माझ्या खोलीत स्टुलावर बसले.

"अनुसूयाक्का, बाहेरच्या देशात काही ठिकाणी आता वेगळं करतायत," ते म्हणाले. "अचानक कंबर धरलेला माणूस आधी फिजिओथेरपिस्ट तपासतो. धोक्याचं काही दिसलं तर डॉक्टरकडे धाडतो. बाकीच्यांना तोच हिंडवतो, फिरवतो, बरं करतो. आपण करून बघू. पाठ आधी तुमच्याकडे. काम वाटून घेऊ."

"आणि कुणी विचारलं तर?"

"मी आहे ना," डॉक्टर म्हणाले.

या 'मी आहे ना'वर मी दीड वर्ष जगले. खोटं कशाला बोलू, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं दीड वर्ष होतं. माणूस आला की मी आधी विचारायचे, लघवी अडते का, मांड्यांच्या मधे बधिर वाटतं का, ताप येतो का, कुठून पडलात का. मग टाचेवर चालायला लावायचे, चवड्यावर चालायला लावायचे, गुडघ्याखाली हातोडी मारायचे. सगळं ठीक असलं की सांगायचे, दुखतंय पण मोडलेलं काही नाही, घाबरू नका, झोपून राहू नका. पालथं करून, कोपरांवर उठवून, हाताने दाबून त्याला हलतं करायचे. बहुतेक जण चालत घरी जायचे आणि आठवडाभरात कामाला लागायचे.

मोहनकुमार नावाचा हमाल मात्र तसा नव्हता. टाचेवर उभा राहायला सांगितलं तर त्याचा उजवा पंजा वर उचलेचना, आणि सकाळपासून लघवीही धड झाली नव्हती. मी त्याला चाकाच्या खुर्चीत घालून स्वतः ढकलत डॉक्टरांच्या खोलीत नेलं, रांग मोडून. त्यांनी त्याच दिवशी शस्त्रक्रिया केली. पाय वाचला. डॉक्टर मला म्हणाले, "बघा, हेच ते. तुम्ही ओळखायचं, मी कापायचं." मला इतका आनंद झाला की मी घरी जाताना म्हैसूरपाक घेतला.

मग एक दिवस डॉक्टरांचीच कंबर धरली. स्कूटर स्टँडवर चढवताना कळ आली आणि ते तिथेच वाकले ते वाकलेच. शिपायाने त्यांना मागच्या दाराने माझ्या खोलीत आणलं. दार लावून घ्या, म्हणाले. हाडांचा डॉक्टर कमरेत वाकलेला पेशंटांनी बघितला तर काय राहिलं. मी त्यांनाही सगळे प्रश्न विचारले, हातोडी मारली, पालथं झोपवून हाताने दाबू लागले. दुखण्यापेक्षा ते भीतीनेच जास्त आखडले होते. माणूस सैल पडावा म्हणून मी काहीबाही बोलत असते. त्या दिवशी काय वाटलं कोण जाणे, मी त्यांना पायाळूची गोष्ट सांगितली. तो व्यापारी, त्या मैत्रिणी, माझा हट्ट, सगळं. नर्सिंग होममध्ये कुणालाच ते ठाऊक नव्हतं. ते खळखळून हसले आणि हसता हसता सैल झाले.

"कुणाला सांगू नका हं," मी म्हटलं.

"छे हो. माझ्या पोटात राहील."

संध्याकाळी ते चालत स्कूटरपर्यंत गेले. दोन दिवसांनी ऑपरेशनला उभे राहिले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नर्सिंग होमचे मालक सुब्बाराव यांनी बैठक बोलावली. बाहेरून येणारे इतर सर्जन कुरकुर करत होते. पाठ आधी थेरपिस्टकडे गेली तर आमच्याकडे काय येणार, आणि उद्या काही चुकलं तर जबाबदार कोण. पद्धत ठेवायची की मोडायची, एवढाच प्रश्न होता. सुब्बाराव सगळ्या डॉक्टरांचा एक प्रमुखही नेमणार होते आणि पुरुषोत्तमांचं नाव पुढे होतं, हे मला माहीत होतं. मला त्याचा आनंदच होता. आपला माणूस वर गेला तर आपली पद्धत टिकेल, एवढा साधा माझा हिशोब.

मी इस्त्रीची साडी नेसून गेले. सर्जन बोलले, मी बोलले. मोहनकुमारचं सांगितलं. मग सुब्बाराव पुरुषोत्तमांकडे वळले. "डॉक्टर, तुम्ही सांगा. ही तुमचीच कल्पना ना?"

पुरुषोत्तमांनी चष्मा पुसला. "कल्पना अशी काही नाही," ते म्हणाले. "गर्दी असते म्हणून अनुसूया पेशंटांना स्वल्प बघून ठेवतात. निदान शेवटी मीच करतो. तो मोहनकुमारही मीच वेळेवर पकडला." आणि मग समोरचे सर्जन अजून कपाळाला आठ्या घालून बसलेले बघून त्यांनी हसून जोडलं, "बाकी हमालांना त्यांच्याकडे गुण येतो यात नवल नाही. त्या पायाळू आहेत. आमच्या लोकांत अशा बाईनं पाठीत लाथ घातली की उसण जाते म्हणतात." आणि त्यांनी ते पायाळू प्रकरण कन्नडमध्ये नीट समजावून सांगितलं, व्यापाऱ्यासकट.

सगळी खोली हसली. चहा आणणारी बाईसुद्धा हसली. मला बारा वर्षांची झाल्यासारखं वाटलं. सुब्बारावांनी डोळे पुसत निकाल दिला की यापुढे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय फिजिओथेरपिस्टने पेशंटला हात लावायचा नाही.

बाहेर मी डॉक्टरांना गाठलं. "तुम्ही म्हणाला होतात, मी आहे ना."

"अहो, रागावू नका. वातावरण जरा हलकं केलं. नाहीतर त्यांनी तुम्हाला नोकरीवरूनच काढलं असतं. मी वाचवलं तुम्हाला, सरी? बरोबर ना?"

गरज सरो आणि वैद्य मरो, ही म्हण मी वैद्याच्या बाबतीत ऐकली होती. वैद्यानेच ती दुसऱ्यावर चालवावी हे नवीन होतं. शत्रूने केलं असतं तर मी भांडले असते. या माणसाने केसाने गळा कापला आणि वर उपकारही सांगितले. मला त्यांच्या तोंडावर रडायचं नव्हतं म्हणून मी निघून गेले.

पुन्हा शेक, पुन्हा बटण. माणसं पुन्हा तीन आठवडे पडून, लाकूड होऊन येऊ लागली. पुरुषोत्तम प्रमुख झाले. जाता-येता मला नमस्कार करत, आणि मी भिंतीकडे बघत असे.

एका रविवारी सकाळी त्यांच्या घरून फोन आला. त्यांच्या बायकोचा, वासंतीचा. "अक्का, यांची कंबर पुन्हा धरलीय. जमिनीवरून उठता येईना. दुसऱ्या कुणाला बोलवू देत नाहीत. तुमच्या पाया पडते, या."

मी गेले. जाऊ नये असं वाटत होतं, पण दुखणाऱ्या पाठीवर राग काढता येत नाही. दाराशी चपला काढल्या तेव्हा वासंती माझ्या पायांकडे बघत होती. ते मी लक्षात घेतलं नाही.

डॉक्टर हॉलमध्ये चटईवर आडवे होते. मी आधी सगळे प्रश्न विचारले, लघवीपासून तापापर्यंत. पंजे वर-खाली करायला लावले, हातोडी मारली. धोक्याचं काही नव्हतं. "मागच्यासारखंच आहे," मी म्हटलं. "कुशीवर वळा, हळूहळू उठा, घरात फिरा. पडून राहू नका."

"ते दाबता ना तुम्ही, तसं दाबून द्या आधी," ते कण्हत म्हणाले.

तेवढ्यात वासंती हळद-कुंकवाचं तबक आणि नारळ घेऊन आली. माझ्यापुढे वाकली. "अक्का, आधी पाय लावा. मागच्या वेळी तुमच्या पायानेच उतरलं, हे म्हणाले होते. तेव्हापासून मी तुमच्या नावानं दिवा लावते."

मी डॉक्टरांकडे बघितलं. बैठकीत नोकरी होती, पद होतं, सर्जन होते. तिथे घाबरला असेल माणूस, असं मी रात्री स्वतःला कितीदा समजावलं होतं. इथे कोण होतं? बायको. तिलासुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं. हाताखालच्या बाईच्या विद्येने बरा झालो म्हणण्यापेक्षा तिच्या पायाने बरा झालो म्हणणं त्यांना सोपं गेलं होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "मागच्या वेळी तुम्ही कशाने बरे झालात, एवढं एक वाक्य वासंतीला सांगा. मग मी दाबते."

वासंती तबक धरून वाट बघत राहिली. मीही वाट बघत राहिले. ते वाक्य त्यांच्या तोंडून आलं असतं तर मी मागचं सगळं सोडून दिलं असतं, शपथेवर सांगते.

"जाऊ दे ना ते आता," डॉक्टर म्हणाले. "तिची श्रद्धा आहे तर लावा एकदा पाय. मग ते दाबायचं करा."

मी त्यांना पालथं केलं. साडीच्या निऱ्या जरा वर धरल्या आणि उजवा पाय त्यांच्या कमरेला लावला. अलगद, आईने शिकवला होता तसा, तीनदा. मग हातोडी पिशवीत टाकली आणि पिशवी खांद्याला लावली.

"आणि दाबायचं?" त्यांनी मान वळवून विचारलं.

"हाताला चिठ्ठी लागते, डॉक्टर. पायाला लागत नाही."

वासंतीने फाटकापर्यंत येऊन नारळ माझ्या हातात ठेवला. तिचा काय दोष, म्हणून मी तो घेतला. रिक्षात बसल्यावर मात्र मला रडू आवरेना. बाराव्या वर्षी सोडलेला पाय मी पुन्हा लावला होता, आणि तो लावून घेणारा अडाणी व्यापारी नव्हता.