कासप्पाची गोळीपेंड

मी कासप्पा बोलतोय. जरा दमानं ऐका. मला घाईत बोलता येत नाही, आणि आलं असतं तरी बोललो नसतो. सध्या मुक्काम बसवकल्याणात, प्रशांतकुमार गुरुजींच्या घरामागच्या फरशीवर. पण मी मूळचा खजुरीचा. तिथल्या तुरीच्या रानात, बांधाच्या कडेला, मातीखालच्या अंड्यातून बाहेर आलो. आईबाप कोण ते ठाऊक नाही. आम्हा कासवांत ती विचारपूस करायची पद्धत नाही.

मला घरी आणलं ते सोजराबाईनं. तेव्हा मी लिंबाएवढा होतो. तुरीत खुरपताना तिचं खुरपं माझ्या पाठीवर टक्कन वाजलं. बाकीच्या बाया म्हणाल्या, दगड असेल, दे फेकून. तिनं माती झटकून मला उलटं केलं. माझे चार पाय हवेत हलायला लागले आणि ही बाई इतकी हसली की सगळ्यांचं खुरपणं थांबलं. मग पदराच्या ओट्यात, तणाच्या ढिगाबरोबर मीही गावात आलो. कासप्पा हे नाव तिनंच ठेवलं. आमच्या भागात नावाला अप्पा लागला की तो घरचा झाला.

ते दिवस आठवले की अजून तोंडाला पाणी सुटतं. ऊन कललं की मी उंबऱ्याशी जाऊन बसायचो. सोजराबाई रानातून आली की डोईवरचं ओझं उतरवायच्या आधी ओटा माझ्यापुढं रिकामा करायची. केना, घोळ, पाथरी, तांदुळजा, कधी बांधावरच्या निवडुंगाचं लाल बोंड. तुम्ही ज्याला तण म्हणून शिव्या घालता, ते माझं पंचपक्वान्न. मुळाची माती ती झटकायची, पण पाला धुवायची कधीच नाही. रानातलं काय धुवायचं, असं तिचं म्हणणं. पाथरीचा कडसर चीक, केन्याचा रसाळ देठ... जाऊ द्या. मी खायचो आणि ती समोर बसून दिवसभराचं बोलायची. सासूचं, पावसाचं, कंबरदुखीचं. माणसांना बोलल्यावर उत्तर लागतं. तिनं माझ्याकडून कधी मागितलं नाही, म्हणून आमचं जमलं.

अशी तीसेक वर्षं गेली. तिचा नवरा गेला, मागून गुडघे गेले. खुरपायला बसणं बंद झालं. धाकटे दीर अंकुशराव यांनी रान बटईनं दुसऱ्याला लावलं आणि गेल्या दिवाळीनंतर मुलगा प्रशांतकुमार आईला इकडं शहरात घेऊन आला. तिनं बरोबर एक गाठोडं घेतलं आणि टोपलीत मला. बसमध्ये कंडक्टरनं टोपलीत काय म्हणून विचारलं, तर म्हणाली, घरचं माणूस हाय.

इथं सगळी फरशी. सुरुवातीला मला कोबी, काकडी, शिळी भाकरी असलं काहीबाही मिळालं आणि माझं पोट बिघडलं. सून सुधारानी हुशार. तिनं फोनवर बरंच वाचलं आणि कासवांच्या खास गोळ्यांचं पाकीट मागवलं. कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून, स्टीलच्या वाटीत घालून माझ्यापुढं ठेवलं.

सोजराबाईनं एकदाच वाटीत डोकावलं. "ही तर म्हशीची गोळीपेंड. त्याला कामून घालायलीस?"

सुधारानीनं समजावून सांगितलं, की ह्यात वाळकं गवत आहे, पाठीच्या कवचाला लागणारा चुना आहे, रानातलं खाणारांसाठीच केलंय. तिचं काही चुकत नव्हतं. पण मी हुंगलं, तर ना मातीचा वास ना चिकाचा. चव म्हणाल तर भिजलेल्या पोत्याची. मी मान आत घेतली. सोजराबाईला मनातून बरं वाटलं. ते पाहून मी आणखी आखडलो. तीन आठवडे आम्ही दोघं हट्टाला पेटलो होतो. सुधारानी दर रविवारी मला स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवायची आणि तिचा चेहरा उतरायचा. शेवटी तिनं नवऱ्याला स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर हे कासव जगायचं नाही.

तेव्हा कुठं सोजराबाई घाबरली. तिनं अंकुशरावांना फोन लावला, की आपल्या बांधावरचा पाला घेऊन या. सोमवारी अंकुशराव बसनं पोतं घेऊन आले. हिरवागार केना, कोवळा घोळ. सोजराबाईनं पहिल्यासारखा ओट्यात भरून माझ्यापुढं ओतला आणि गुडघे धरत समोर बसली. मी खायला लागलो. ती सुनेला म्हणाली, बघ, माझ्या हातचं कसं खायलाय.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मान उचलेना. तोंडाला फेस आला. प्रशांतकुमारनं शाळेला रजा टाकली आणि मला स्कूटरवरून जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी तोंड धुतलं, कोमट पाण्यात ठेवलं, सुई टोचली आणि काय खाल्लं ते विचारलं. मग अंकुशरावांना फोन झाला. त्यांनी बटईदाराला विचारलं तेव्हा कळलं, दोन दिवस आधीच त्यानं बांधावर तणनाशक फवारलं होतं. फवारलेला पाला लगेच वाळत नाही. तोवर चांगला हिरवा दिसतो.

सोजराबाईनं हे सगळं ऐकलं.

मी वाचलो. डॉक्टरांनी सांगितलं, बाहेरचा पाला बंद, अंगात ताकद येईपर्यंत भिजवलेल्या गोळ्याच द्या. पण सोजराबाई माझ्याजवळ यायचीच बंद झाली. मागच्या दारातून बघायची आणि वळायची. सुधारानी वाटी पुढं करायची. ह्या वेळी मी हट्ट करत नव्हतो, खरंच सांगतो. समोर ती बसलेली नसताना खायचं कसं, हेच मला ठाऊक नव्हतं.

पाचव्या दिवशी सुधारानीनं सासूला स्टुलावर बसवलं आणि वाटी तिच्या हातात दिली.

"माझा हात नगं त्याला. ह्याच हातानं मारत हुते की."

"अत्या," सुधारानी हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाच्या हातचं ते खाईना झालंय. आता तुम्हीच बघा."

बऱ्याच वेळानं एक गोळी माझ्यापुढं आली. मी मान बाहेर काढली आणि खाल्लं. तीच भिजलेल्या पोत्याची चव. दुसरी खाल्ली, तिसरी खाल्ली. तिनं तोंडाला पदर लावला, थोडा वेळ रडली, आणि मग बोलायला लागली. गुडघ्याचं, नळाला पाणी न आल्याचं. मी अख्खी वाटी संपवली.

आता रोज सकाळी हेच चालतं. माझं वजन वाढलंय, सुधारानी खूश आहे. रस्त्यावरून ओल्या वैरणीचा टेम्पो गेला की मी फाटकापर्यंत जातो, वास घेतो आणि परत येतो. मला खजुरीची फार आठवण येते, पण गोळीपेंडीबद्दल माझी तक्रार नाही.

एक गोष्ट मात्र सलते. त्या सोमवारी पोतं उघडलं तेव्हाच मला वास आला होता. केन्याला असला उग्र वास नसतो, हे माझ्याइतकं कुणाला कळणार? मला मान मागं घेता आली असती. पण कितीतरी महिन्यांनी ती तशी समोर बसली होती, हसत होती. म्हणून खाल्लं. तिला हे ठाऊक नाही. मला शिवायच्या आधी ती अजून दोनदोनदा साबणानं हात धुते. तिच्याशी मला बोलता येत नाही, तुम्हाला येतं. कधी बसवकल्याणला आलात तर तिला माझं एवढं सांगा, की सोजराबाई, तुझा हात चुकला नव्हता. कासप्पानं जाणून खाल्लं.